डी-एस नात्यात पैशाचा ताबा: काय द्यावं, काय हातात ठेवावं

प्रश्न असा आहे: "आम्ही तीन वर्षं एकत्र आहोत, त्यातलं दीड वर्ष डी-एस (डॉमिनन्स-सबमिशन) नात्यात. तो डॉमिनंट, म्हणजे हुकूम देणारा; मी सबमिसिव्ह, म्हणजे राजीखुशीने ऐकणारी. कपडे, झोपेची वेळ, फोनचा वापर या बाबतींत मी त्याचं ऐकते आणि ते मला मनापासून आवडतं. आता त्याने सुचवलंय की माझा पगार थेट त्याच्या खात्यात जमा व्हावा आणि त्याने मला दर आठवड्याला खर्चाला पैसे द्यावेत. ऐकून अंगावर शहारा आला, आणि पोटात गोळाही. मी नाही म्हटलं तर माझं समर्पण अर्धवट ठरतं का?"

शेवटच्या वाक्याचं उत्तर आधी देते: नाही ठरत. मूळ प्रस्तावाचं म्हणाल तर त्याचे दोन तुकडे करा. आठवड्याला किती खर्च करायचा हे त्याने ठरवावं, खुशाल. पगार मात्र त्याच्या एकट्याच्या नावावरच्या खात्यात जाऊ देऊ नका. पहिल्यात तुम्ही निर्णय त्याच्या हाती देता, दुसऱ्यात मालकी देता. बोलताना दोन्हीला आपण "पैशाचा ताबा" म्हणतो आणि घोळ तिथूनच सुरू होतो.

मी या नात्यात तुमच्या समोरच्या बाजूला आहे. माझा जोडीदार सबमिसिव्ह आहे आणि त्याच्या खर्चाचा ताबा बरीच वर्षं माझ्याकडे आहे. नवख्या जोडप्यांना वाटाघाटीत मदत करण्याचं कामही मी करते. तिथे एक गंमत नेहमी दिसते. दोर, चाबूक, मेण यांवर लोक तासन्‌तास बोलतात. हार्ड लिमिट्सची (कधीच न करायच्या गोष्टींची) यादी तयार असते, सगळं थांबवणारा सेफवर्ड ठरलेला असतो, आफ्टरकेअरला, म्हणजे नंतर एकमेकांना सावरायला, कोणतं पांघरूण लागतं तेही लिहिलेलं असतं. पैशाचा विषय काढला की दोघंही एकमेकांकडे बघतात. अंथरुणातली गुपितं सहज सांगणारी माणसं बँकेतली शिल्लक सांगताना लाजतात. आपल्याकडे म्हणतात ना, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. डी-एसमध्ये तर ते शब्दशः खरं आहे. गुलाम म्हणून गुडघ्यावर बसलेला माणूस उठून उभा राहिला की पुन्हा स्वतःचा असतो. दुसऱ्याच्या खात्यात गेलेली रक्कम मात्र दुसऱ्याचीच असते, तुम्ही उठून उभे राहा नाहीतर बसून राहा.

पैसा या नात्यात इतका का भिनतो, हे आधी बघू. तुम्हाला आलेला शहारा खोटा नाही आणि त्याची लाज वाटायचं कारण नाही. सीनला, म्हणजे ठरवून केलेल्या खेळाला, सुरुवात आणि शेवट असतो. पैशाचा नियम दुपारी दुकानात, तुम्ही एकट्या असताना, शेजारी उभ्या असलेल्या कुणाला काही न कळता चालू असतो. वस्तू हातात घेतली आणि परत ठेवली, तेवढ्यात तो तुमच्याजवळ येऊन गेला. इतक्या साध्या क्रियेत इतका ताबा दुसऱ्या कशात मिळत नाही. डॉमिनंटला त्यात जबाबदारीची गोडी असते. काहींना काळजी घेण्याची, काहींना शिस्त लावण्याची, काहींना नुसत्या सत्तेची. तिन्ही चालतात, फक्त आपली कोणती ते स्वतःला माहीत असावं.

आमच्याकडे हे कसं चालतं ते सांगते. रविवारी संध्याकाळी तो वही घेऊन माझ्यासमोर जमिनीवर बसतो आणि आठवड्याच्या नोंदी मोठ्याने वाचतो. एखाद्या नोंदीपाशी त्याचा आवाज बारीक होतो आणि मला कळतं की हा खर्च न विचारता झालाय. मागे एकदा हेडफोन होते. मी काहीच बोलले नाही, नुसती थांबले. पुढची नोंद वाचायची सोडून त्याने आपणहून सगळं सांगितलं: जुने बिघडले नव्हते, नव्यांवर सूट होती, मोह आवरला नाही. दंड म्हणून त्याच्या हौसेच्या रकमेतून पुढच्या महिन्यात तेवढे पैसे कापले. ते गेले त्याच्याच बचत खात्यात. माझ्या खात्यात दमडीही आली नाही, येतही नाही. दंडाचे पैसे डॉमिनंटच्या खिशात जायला लागले की त्याला चुका शोधण्यात रस वाटू लागतो, मग तो कितीही भला माणूस असो.

आता यातला कळीचा भाग. खातं त्याच्या नावावर आहे, कार्ड त्याच्या पाकिटात आहे, ओटीपी त्याच्या फोनवर येतो. मला त्याच्या खात्याचा उतारा बघता येतो, त्यातून पैसे हलवता येत नाहीत. म्हणजे माझा सगळा अधिकार त्याच्या पाळण्यावर उभा आहे. उद्या सकाळी त्याला सगळं मोडता येईल, आणि तरी तो रविवारी वही घेऊन बसतो. मला यातच मजा येते. ज्याच्याकडे मोडायची सोयच उरलेली नाही, त्याच्या आज्ञापालनाचं मला काय कौतुक?

तुमच्या जोडीदाराला हे पटवून देता आलं तर अर्धं काम झालं. अनेक डॉमिनंटना वाटतं की खातं नावावर आलं म्हणजे ताबा वाढला. खरं तर तेव्हा ताबा बँक सांभाळते, त्यांना काही करावंच लागत नाही.

दुसरं कारण सेफवर्डचं. "लाल" म्हटलं की दोर सुटतो, हात थांबतो, दिवे लागतात. शरीराच्या बाबतीत ही व्यवस्था चालते कारण थांबणं आणि सुटणं एकाच क्षणी होतं. पैशात तसं नसतं. तुम्ही आज "लाल" म्हणालात तरी वर्षभराचा पगार तिकडेच राहतो, सोडलेली नोकरी परत मिळत नाही, जामीनदार म्हणून केलेली सही पुसली जात नाही. म्हणून पैशाच्या बाबतीत सुटकेची वाट आधी बांधायची असते, शब्द उच्चारल्यावर बांधायला घ्यायची नाही. मी जोडप्यांना विचारते ते एवढंच: हे नातं आज रात्री संपलं तर उद्या दुपारी तुझ्या हातात काय असेल? उत्तर देताना सबमिसिव्हने डॉमिनंटकडे पाहिलं तर समजावं की काम बाकी आहे.

लेखी डी-एस कराराचं एक जुनं उदाहरण सांगण्यासारखं आहे. मॅसोकिझम हे नाव ज्याच्यावरून पडलं त्या लेओपोल्ड फॉन झाखर-मासोख या ऑस्ट्रियन लेखकाने 1869 साली फॅनी पिस्टर या स्त्रीशी सहा महिन्यांचा करार केला. तिचा गुलाम व्हायचं, तिचा प्रत्येक हुकूम मानायचा, शिक्षा सोसायची, असं त्याने लिहून दिलं. तिने शक्य तेवढा वेळ फर घालावी, ही त्याची हौसही कागदावर आली. पण त्याच करारात तिच्यावर अटी होत्या: त्याला अप्रतिष्ठेचं काही करायला लावायचं नाही, रोज सहा तास त्याच्या कामासाठी मोकळे सोडायचे, आणि त्याची पत्रं व लिखाण कधी वाचायचं नाही. पुढे तो तिचा नोकर बनून तिच्याबरोबर इटलीला गेला, आगगाडीत ती पहिल्या वर्गात आणि हा तिसऱ्या. इतकं झोकून देणाऱ्या माणसानेही आपले कामाचे तास आणि आपला पत्रव्यवहार कराराबाहेर ठेवला, आणि करार मुदतीचा केला. आजच्या भाषेत सांगायचं तर नोकरी, खाजगी संपर्क आणि संपण्याची तारीख. मी अजूनही करार तपासताना आधी हेच तीन बघते.

आता अवघड भाग, आणि इथे गुळमुळीत बोलून चालणार नाही. अमेरिकेतल्या डलुथ शहरात 1984 साली, मारहाण सोसलेल्या स्त्रियांच्या अनुभवांवरून "सत्ता आणि नियंत्रणाचं चक्र" नावाची आकृती तयार झाली. घरगुती हिंसाचारावर काम करणारे लोक जगभर ती वापरतात. त्यात आर्थिक छळाचा एक भाग आहे. नोकरी करू न देणं किंवा टिकू न देणं, प्रत्येक खर्चासाठी मागायला लावणं, ठरावीक खर्ची देणं, तिचे पैसे काढून घेणं, घरच्या उत्पन्नाची माहिती तिच्यापासून लपवणं. ही यादी तुमच्या जोडीदाराच्या प्रस्तावाशेजारी ठेवून वाचा. मागायला लावणं आहे, खर्ची आहे, पैसे काढून घेणंही आहे. माझ्या रविवारच्या वहीतही यातलं थोडं आहे. बाहेरून बघणाऱ्याला फरक दिसणार नाही, आणि "आमची संमती आहे" एवढं म्हणून तो सिद्धही होत नाही, कारण छळ सोसणारी माणसंही वर्षानुवर्षं हो म्हणत असतात.

फरक शोधायचा तर वागण्यात शोधावा लागतो. छळ करणाऱ्याला तुमच्याकडे बाहेर पडण्यापुरते पैसे असणं खुपतं. तो हिशेब घेतो, देत नाही. भांडण झालं की खर्ची आखडते. आणि नियम त्याच्या मनाप्रमाणे, सांगितल्याशिवाय बदलत जातात. यातलं शेवटचं मला सगळ्यात बोलकं वाटतं. ठरलेला नियम कडक असला तरी त्यात माणूस निवांत राहू शकतो. रोज बदलणाऱ्या नियमात तो समोरच्याचा चेहरा वाचत बसतो. तुम्हाला पडताळा हवा असेल तर पैशाशी संबंध नसलेल्या एखाद्या लहानशा नियमावर "पिवळा" (जरा सावकाश, हे मला जड जातंय) म्हणून पाहा. झोपेच्या वेळेवर म्हणा. तो थांबला, विचारलं, नियम सैल केला आणि पुढचे चार दिवस त्याचा वचपा काढला नाही, तर पैशाबद्दल बोलायला माणूस बरा आहे. रुसला, गप्प झाला, "खरी सबमिसिव्ह असं करत नाही" म्हणाला, तर तुमच्या पोटातला गोळा बरोबर सांगत होता.

कायद्याचं थोडक्यात. तुम्ही आपसांत केलेला समर्पणाचा करार कितीही सुंदर कागदावर लिहा, कोर्टात त्याला किंमत नाही. गुलामगिरी कोणत्याही रूपात चालणार नाही, असं 1948च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातच म्हटलंय. इंग्लंड आणि वेल्समध्ये 2015पासून जोडीदाराला सतत दबावाखाली आणि नियंत्रणात ठेवणं गुन्हा आहे. भारताच्या 2005च्या घरगुती हिंसाचाराविरुद्धच्या कायद्यातही आर्थिक छळ धरलेला आहे. डॉमिनंट मंडळींनी हे विशेष वाचावं. उलट बाजूने, बँकेशी केलेली प्रत्येक सही मात्र पक्की. त्याच्या सांगण्यावरून तुमच्या नावावर कर्ज काढलंत तर ते तुमचंच, आणि "मला आज्ञा होती" हे बँकेला सांगून उपयोग नाही. म्हणून माझ्या लेखी काही दारं बंदच असावीत: नव्या नात्यात संयुक्त कर्ज नाही, जामीन नाही, त्याच्या वापरासाठी तुमच्या नावावर कार्ड नाही, आणि आज्ञा म्हणून राजीनामा तर मुळीच नाही. मुलांसाठी किंवा आईवडिलांसाठी राखलेले पैसे डी-एसच्या कक्षेत आणूच नयेत. त्या माणसांनी कशालाच संमती दिलेली नाही. दवाखान्याचा खर्चही परवानगीविना.

मग द्यायचं काय? पुष्कळ काही उरतं. पगार तुमच्याच खात्यात येऊ द्या. त्यातून घरखर्च आणि हप्ते जाऊ द्या. त्यानंतर एक रक्कम वेगळ्या खात्यात जावी, जिच्यावर त्याचा हुकूम चालत नाही आणि जिच्याबद्दल तो विचारतही नाही. किमान तीन महिने वेगळं राहून खाता येईल इतकी ती साठायला हवी. ती साठेपर्यंत बाकीचा खेळ छोटा ठेवा. उरलेल्या पैशावर त्याचं राज्य: आठवड्याची मर्यादा, कोणत्या वस्तूला परवानगी लागते, नोंदी कशा लिहायच्या, दंड कोणता. त्याला हवं तर आठवड्याची रक्कम पाकिटात घालून स्वतःच्या हाताने तुम्हाला देऊ द्या. पैसे तुमच्याच खात्यातून काढलेले असले तरी ते घेताना मान आपोआप खाली जाते, हे तुम्हाला पहिल्याच आठवड्यात कळेल. तीन महिन्यांनी दोघांनी डी-एस बाजूला ठेवून बसावं. कॉलर (समर्पणाची खूण म्हणून गळ्यात घातलेला पट्टा) असेल तर ती काढून, खुर्च्यांवर समोरासमोर, आणि हिशेब उघडे. त्याचेही. जो दुसऱ्याचा पैसा हाताळतो त्याने स्वतःची कर्जं लपवलेली असू नयेत. क्रेडिट कार्डाचं बिल थकवणाऱ्या माणसाकडून काटकसरीची शिस्त घ्यायची, हे मला तरी जमणार नाही.

तुम्ही लिहिलेलं नाही, पण अनेकींच्या बाबतीत असतं म्हणून विचारते: तुमचा पगार त्याच्यापेक्षा जास्त आहे का? असेल तर हा प्रस्ताव जरा वेगळ्या नजरेने बघा. कमावणारा सबमिसिव्ह आणि कमी कमावणारा डॉमिनंट ही जोडी दिसते त्यापेक्षा नाजूक असते. डॉमिनंटला आतून खात राहतं की मी हुकूम सोडतो त्या घराचं भाडं ही भरते. मग पगारावर ताबा हवासा वाटतो, आणि त्यामागे कामनेपेक्षा कमीपणा जास्त असतो. सबमिसिव्हकडूनही खोड्या होतात. तोंडाने "जशी आज्ञा" म्हणायचं आणि सुट्टीला कुठे जायचं हे पैसे भरणारा म्हणून आपणच ठरवायचं. याला उपाय एकच सापडलाय, तो रुक्ष आहे: कोण किती कमावतो आणि कोण किती भरतो हे डी-एसच्या बाहेर, साध्या जोडप्यासारखं, मिळकतीच्या प्रमाणात ठरवून टाकायचं. त्यानंतर उरलेल्या मोकळ्या पैशात खेळायचं. ज्याला हे बोलणं प्रतिष्ठेला बाधक वाटतं, त्याची सत्ता तशीही फार टिकत नाही.

फिनडॉम, म्हणजे फायनान्शियल डॉमिनेशन, याबद्दलही लोक याच ओघात विचारतात. डॉमिनंटला पैसे देणं, हाच ज्यांचा किंक (लैंगिक हौस) असतो त्यांच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. त्यात नातं, घर, संसार असं काही नसतं. व्यवहार उघड असतो, आणि चांगल्या फिनडॉम बायका ग्राहकाची मर्यादा आधी विचारतात. धोका असतो तो वेळेचा. रक्कम उत्तेजित अवस्थेत वाढत जाते आणि सकाळी पस्तावा येतो. महिन्याची रक्कम थंड डोक्याने, दिवसा, स्वतःच ठरवावी आणि तेवढीच वेगळ्या खात्यात ठेवावी. कर्जाचे पैसे कधीच नाहीत. "कर्ज करार" (अमुक रक्कम देणं लागतो असं लिहून देणं) आणि ब्लॅकमेलचा खेळ मी कोणालाही सुचवत नाही. खऱ्या नावानिशी फोटो किंवा सही केलेला कागद परक्या माणसाच्या हाती गेला की खेळ कधी संपला हे तो ठरवतो.

पैसे घेऊन सेशन देणाऱ्या प्रो-डॉम यांची गोष्ट आणखी निराळी. ती सेवा आहे, तिचा मोबदला आहे, वेळ आणि मर्यादा आधी ठरतात. उलट ओळख होऊन दोन दिवस झालेला, भेटायची तारीख पुढे ढकलणारा, "निष्ठा सिद्ध कर" म्हणून गिफ्ट कार्ड किंवा क्रिप्टो मागणारा स्वयंघोषित मास्टर हा साधा भामटा असतो. हे दोन मार्गच तो का मागतो? कारण तिकडून पैसे परत फिरवणं जवळजवळ अशक्य असतं.

साहित्याचा खर्च हा छोटा विषय, पण त्यावरून मोठी भांडणं झालेली पाहिली आहेत. ज्याच्या अंगाला वस्तू लागते ती त्याच्या मालकीची असावी, पैसे कोणीही दिले तरी. स्वच्छतेसाठीही ते बरं. कॉलर भेट म्हणून दिली तर ती भेटच. नातं तुटल्यावर तिची किंमत मागणारे लोक आहेत, हे लिहायला मलाच लाज वाटते.

नातं तुटण्याबद्दल एक कलम मात्र जरूर लिहा, आता, प्रेमात असताना. दोघांपैकी कोणीही "संपलं" म्हटलं की पैशावरचा अधिकार त्याच क्षणी संपतो. समोरासमोर म्हणायची गरज नाही, मेसेजही पुरे. खात्याचा उतारा बघण्याची सोय बंद, पासवर्ड बदलायचे, नोंदींच्या वहीची प्रत दोघांकडे. यावर त्याने चर्चेला बसायचं नाही, कारणही विचारायचं नाही. कारणं नंतर, दुसऱ्या दिवशी, हवी तर.

त्याच्याशी बोलाल तेव्हा प्रस्ताव नाकारतेय अशा सुरात बोलू नका, कारण तुम्ही तो नाकारत नाही आहात. सांगा की खर्च, नोंदी, परवानगी, दंड हे सगळं मला हवंय. पगार माझ्या खात्यात येईल आणि बाहेर पडण्यापुरती एक रक्कम माझ्याकडे वेगळी राहील. मग गप्प बसा आणि तो पहिलं काय विचारतो ते ऐका. "ती रक्कम किती ठेवू या?" असं विचारलं, तर पुढच्या पगारापासून वही सुरू करा. "तुला बाहेर पडायचंय का?" असं विचारलं, तर निदान सहा महिने पैशाचा विषय बंद ठेवा आणि ती रक्कम मात्र आजपासूनच बाजूला काढायला लागा.